पहिले दोनशे अडतीस फोटो

माझी थोरली बहीण घाबरट होती. हे मी तिच्या पाठीमागे सांगत नाही, ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायची आणि अर्ध्या जिन्यावरून चौथ्यांदा परत यायची. गॅस बंद केला का, हा प्रश्न तिला कुठेही पडायचा. एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत, तोंड उघडं असताना पडला होता. भावोजी शिंपी. ते म्हणायचे, "हिच्यासोबत राहायचं म्हणजे प्रत्येक शिवण दुहेरी घालायची. एक कापडासाठी, एक हिच्या भीतीसाठी."

एक्स-रे काढायच्या केंद्रात तिनं सव्वीस वर्षं काम केलं. पेशंट एक्स-रेला फोटोच म्हणतात, म्हणून ती सगळ्यांची फोटोताई. किरणांची भीती तिला कधी वाटली नाही. शिशाचा जड अंगरखा घालून ती जाड काचेमागे निवांत उभी राहायची. तिला भीती होती अदलाबदलीची. एकाच्या नावावर दुसऱ्याचा फोटो जाईल, डावा पाय उजवा म्हणून नोंदला जाईल. नोकरीच्या पहिल्या वर्षी तसं एकदा झालं होतं. पेशंट पाकीट घेऊन जिना उतरत असताना तिच्या लक्षात आलं आणि ती चपला न घालता धावत सुटली. तेव्हापासून ती एक वही ठेवायची. फोटोचा नंबर, नाव, पत्ता, अवयव, बाजू आणि फोटोत काय दिसलं ते एका ओळीत. पुढे कॉम्प्युटर आला, फोटो त्याच्यात साठायला लागले, तरी वही थांबली नाही. डॉक्टर हसायचे. "कॉम्प्युटरवर तुमचा विश्वास नाही का?" "आहे ना," ती म्हणायची, "पण त्याचा माझ्यावर आहे की नाही ते माहीत नाही."

तो कॉम्प्युटर फार जुना होता. फोटोची प्लेट वाचणारं यंत्र एका कार्डानं त्याला जोडलेलं होतं आणि ते कार्ड फक्त त्याच कॉम्प्युटरच्या खाचेत बसायचं. यंत्र बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. म्हणून सगळेजण त्या कॉम्प्युटरला जपायचे. तो बंदही करायचे नाहीत, कारण एकदा बंद केला की पुन्हा चालू होईल याची खात्री नव्हती. महिनोन्महिने तो कोपऱ्यात घुमत बसलेला असायचा.

त्याच्या आतल्या दोन हार्ड डिस्क भरत आल्या, त्यातली एक टकटक आवाज करायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी ताईला नवी डिस्क आणायला सांगितलं. दुकानदार म्हणाला, पाचशे जीबीहून लहान आता मिळतच नाही. जुन्या कॉम्प्युटरला चालेल का, असं ताईनं विचारलं. "का नाही चालणार? मधे एक छोटा जोड लागेल, बस." त्यानं डिस्क आधी आपल्या नव्या कॉम्प्युटरला लावून तयार केली, मग केंद्रात येऊन जुन्याला जोडली. स्क्रीनवर पाचशेच्या जवळपासचा आकडा आला. जुने सगळे फोटो तिच्यात गेले. ताईनं शंभर फोटो उघडून वहीशी ताडून पाहिले. एकही चुकला नव्हता.

मग डॉक्टर म्हणाले, पेशंटचे फोटो बाहेर कुणाच्या हाती लागायला नकोत, जुन्या डिस्क फोडून टाका. ताईला त्या आणखी थोडे दिवस ठेवायच्या होत्या. तसं ती बोलली नाही. नंतर मला म्हणाली, "आता यालाही घाबरता का, असं म्हणतील वाटलं. म्हणून गप्प बसले." मागच्या मोकळ्या जागेत बसून तिनं स्वतः हातोडीनं त्यांचा चुरा केला.

पाच महिने सगळं सुरळीत चाललं.

त्या दिवशी सकाळी एक निवृत्त शिक्षिका खोकल्यासाठी छातीचा फोटो काढायला आल्या. नऊ वर्षांपूर्वीही त्यांनी तिथेच फोटो काढला होता. दोन्ही शेजारी ठेवून बघता यावेत म्हणून डॉक्टरांनी जुना काढायला सांगितला. ताईनं तो उघडला. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, चपटं डबडं आणि त्यातून निघालेली वायर स्पष्ट दिसत होती. नव्या फोटोत तिथे काहीच नव्हतं.

"बाई, तुमचा पेसमेकर कधी काढला?" तिनं विचारलं.

"कसला पेसमेकर?"

"हृदयाला बसवतात तो."

"माझ्या हृदयाला आजवर कुणी हात लावलेला नाही," बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

ताईला हसू आलं नाही. तिनं फोटो मोठा करून पाहिला. वरच्या कडेपासून चार बोटं खाली एक आडवी रेघ होती, कुणी पट्टी धरून आखावी तशी. रेघेच्या वर हनुवटी आणि मानेचा थोडा भाग, रेघेच्या खाली छाती. मानेचा मणका रेघेवर तुटला होता आणि खाली बोटभर बाजूला सरकून पुन्हा सुरू झाला होता. मान एकाची होती आणि छाती दुसऱ्याची.

पेसमेकरवाली ती छाती तिच्या ओळखीची होती. गेल्याच गुरुवारी एका आजोबांचा फोटो तिनं काढला होता. वहीत पाहिलं, तशी नोंदही होती. गुरुवारी काढलेला फोटो नऊ वर्षांपूर्वीच्या फोटोच्या जागी कसा आला?

तिनं बाईंना बाहेर बसवलं आणि यादीतला अगदी पहिला फोटो उघडला. वही सांगत होती, लहान मुलाचा हात. स्क्रीनवर कुणाची तरी कंबर आली. दुसरा उघडला, गुडघ्याच्या जागी फासळ्या. तिसरा, चौथा, दहावा. प्रत्येक फोटोत कुठे ना कुठे ती रेघ आणि रेघेच्या दोन बाजूंना दोन वेगळी माणसं. सव्वीस वर्षं जिला ती घाबरत आली ती गोष्ट एकदा नाही, शेकडोंनी घडली होती, आणि तिच्या पाठीमागच्या कोपऱ्यात, काहीही आवाज न करता.

तिनं मामांना फोन लावला. हे मामा आमचे नव्हेत. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं.

"कॉम्प्युटर चालू आहे?" त्यांनी सगळ्यात आधी विचारलं.

"चालूच आहे. दीड-दोन महिने बंदच केलेला नाही."

"मग आता अजिबात बंद करू नका. नवा फोटो काढू नका. काही पुसू नका. माउसलाही हात लावू नका. मी निघालो."

"मामा, घाबरण्यासारखं आहे का?"

"आहे," मामा म्हणाले.

ते आले, चष्मा कपाळावर चढवून दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले, आणि मग खुर्ची तिच्याकडे वळवली. "जुन्या गाड्यांचे किलोमीटरचे आकडे असायचे, आठवतं? नऊ नऊ नऊ झालं की पुढे सगळे शून्य. गाडी पुढे गेलेली असते, आकडा मात्र पहिल्यापासून सुरू होतो. तसंच झालंय. हा कॉम्प्युटर ज्या काळातला आहे त्या काळात एवढ्या मोठ्या डिस्क नव्हत्या. त्याला एकशे सदतीस जीबीपर्यंतच जागा मोजता येते. डिस्क दुसरीकडे तयार केली, म्हणून तो आकडा पाचशेचा दाखवतो. पण एकशे सदतीसच्या पुढच्या जागी लिही म्हटलं की तो सुरुवातीच्या जागेवर लिहितो. तिथे आधी काय आहे ते बघत नाही."

"कधीपासून?"

"तुम्हीच सांगा. वही आहे ना?"

वहीवरून हिशेब लागला. बारा दिवस. बारा दिवसांत दोनशे अडतीस नवे फोटो निघाले होते आणि तेवढ्याच सर्वांत जुन्या फोटोंवर जाऊन बसले होते. नवे फोटो सुखरूप होते. जुने गेले होते, कायमचे.

"आणि बाकीचे?" ताईनं विचारलं.

"बाकीचे आहेत. पण डिस्कवर कुठे काय आहे हे सांगणारं पहिलं पानच खरडलं गेलंय. कॉम्प्युटर चालू झाला तेव्हा त्यानं ते वाचून ठेवलं होतं, त्या आठवणीवर तो चाललाय. बंद पडला तर विसरेल. मग पन्नास-साठ हजार फोटो शोधत बसायला लागतील, आणि सगळे मिळतीलच असं मी म्हणणार नाही."

त्यांनी आपला लॅपटॉप केबलनं जोडला आणि एकेक फोल्डर बाहेर काढायला सुरुवात केली. चार-पाच तास लागतील म्हणाले. जुना फोटो काढून ठेवायला सांगून डॉक्टर हाडांच्या दवाखान्यात पेशंट तपासायला गेले होते, दुपारनंतर येणार होते. ताईनं पेशंट परत पाठवले, दारावर पाटी लावली, आणि वही उघडून बसली, कारण तोवर तिला त्याहून वाईट गोष्ट सुचली होती. गेल्या बारा दिवसांत यातला कुठला जुना फोटो कुणी बघितला होता?

जुना फोटो मागवला की त्याचा नंबरही ती नव्या नोंदीत लिहायची, म्हणून प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तिनं यादी केली. तिघांचे जुने फोटो उघडले गेले होते. एक म्हणजे या शिक्षिका. दुसऱ्याचा घोट्याचा, त्या दिवशी मागितला खरा, पण डॉक्टरांना लागला नव्हता. तिसरा होता एक सुतार.

तो तिला नीट आठवत होता. पन्नाशीचा माणूस, बोटांवर पॉलिशचे डाग, नऊ दिवसांपूर्वी आला होता. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला सुपारीएवढा डाग दिसला. डॉक्टरांनी जुना फोटो मागवला. त्यातही उजवीकडे वर तसाच डाग होता. डॉक्टर म्हणाले होते, "जुनीच खूण आहे. नऊ वर्षांत वाढलेली नाही, काळजीचं कारण नाही." सुतार आनंदानं गेला होता.

ताईनं मामांना विचारून तो फोटो उघडला. आडवी रेघ होती, पण अगदी वर, गळ्यापाशी. फिल्मवरचा ओरखडा वाटावा अशी. रेघेखालची सगळी छाती, डागासकट, दुसऱ्याच कुणाची होती. आणि तिच्या वहीत, नऊ वर्षांपूर्वीच्या पानावर, तिच्याच अक्षरात सुताराच्या नावापुढे एवढंच होतं: छाती, स्वच्छ.

त्याच वेळी वीज गेली.

पंखा थांबला. खोलीत यूपीएस किंचाळायला लागला. त्याची बॅटरी म्हातारी झाली होती, पाच मिनिटांच्या वर टिकत नसे हे ताईला माहीत होतं. मामांनी लॅपटॉपवरचा आकडा पाहिला. "चाळीस टक्के झालेत," ते म्हणाले. ताई कॉम्प्युटरवर हात ठेवून उभी राहिली, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. ती मला सांगायची, "त्या वेळी मी आईला, देवाला, कुणालाच हाक मारली नाही. फक्त ते यंत्र गरम लागतंय ना एवढंच बघत होते." यूपीएसचा आवाज मधूनमधून यायचा तो सलग झाला. मामांनी डोळे मिटले. मग पंखा हळूच फिरायला लागला. वीज आली होती. मामा उठून पाणी प्यायले, उरलेलं त्यांनी तिला दिलं.

डॉक्टर तीन वाजता आले. ताई त्यांच्या टेबलासमोर वही धरून उभी राहिली.

"डॉक्टर, त्या सुताराचा जुना फोटो त्याचा नव्हता."

तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी वहीतली ओळ दोनदा वाचली. त्यांचा चेहरा उतरला.

"रिपोर्टवर सही माझी आहे," ते शेवटी म्हणाले. "ती रेघ मी पाहिली होती. ओरखडा आहे समजून सोडून दिली."

"डिस्क मी आणली. जुन्या मीच फोडल्या."

"फोडायला मी सांगितलं. ते नंतर वाटून घेऊ, आधी फोन लावा."

सुताराचा फोन लागेना. आठ-दहा वेळा प्रयत्न केला. वहीत पत्ता होता. ताई माझ्या घरी आली तेव्हा साडेपाच वाजले होते. "माझ्याबरोबर चल," म्हणाली. "एकटीनं त्या दारात उभं राहायची छाती नाही मला."

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. गॅसचं तिनं विचारलं नाही, कुलपाचंही नाही. एकदाच म्हणाली, "नऊ दिवस गेले. नऊ दिवसांत किती वाढत असेल?" मी शाळेत गणित शिकवते, म्हणून मला विचारलं असावं.

कारखाना म्हणजे पत्र्याखालची लांब खोली होती. भुश्शाचा वास, भिंतीला टेकवलेल्या फळ्या. सुतार रंधा मारत होता, त्याची बायको खुर्चीच्या पायांना कागद घासत होती. ताईला बघून तो हसला. "फोटोताई, तुम्ही इकडे? खुर्ची हवी का?"

ताई खाली बसली नाही. "तुमचा नऊ वर्षांपूर्वीचा फोटो दाखवला होता ना, तो तुमचा नव्हता. आमच्या कॉम्प्युटरमध्ये घोटाळा झाला. डाग जुना आहे असं तुम्हाला सांगितलं, ते आता खात्रीनं सांगता येत नाही. चूक आमच्याकडून झाली. उद्या तुम्ही परत यायला हवं."

बायकोच्या हातातला कागद थांबला. सुतारानं रंधा खाली ठेवला, कपाळ पुसलं. मला वाटलं, आता हा ओरडेल.

"माझ्याकडे जुनी फिल्म आहे," तो म्हणाला. "तेव्हा तुम्ही पाकिटात घालून दिलेली."

ताईच्या जिवात जीव आला, आणि तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, ती तुम्ही कापलीत ना."

तो मागच्या भिंतीकडे गेला. तिथे खिळ्याला वेगवेगळ्या आकारांचे साचे टांगलेले होते, पुठ्ठ्याचे, पत्र्याचे. खुर्चीच्या हाताचं वळण आखायला एक्स-रेची फिल्म चांगली, असं त्यानं नंतर सांगितलं, वाकते पण मोडत नाही. त्यानं गठ्ठ्यातून एक काळी फिल्म ओढून काढली. खालची एक बाजू मोठ्या वळणात कापून नेलेली होती.

ताईनं ती दारातल्या उजेडात धरली. दुसरी कड मी धरली. कोपऱ्यातलं नाव वाचलं, तारीख वाचली. कापलेला भाग डावीकडचा, खालचा. उजवीकडचा वरचा भाग शाबूत होता. पेन्सिलीच्या रेघा होत्या, त्या तिनं पदरानं पुसल्या. त्यांच्याखाली फुफ्फुस अगदी साफ होतं. एक ठिपकासुद्धा नाही.

म्हणजे डाग नवा होता.

तिनं ते तसंच सांगितलं, फिरवून नाही. बायको उठून त्याच्याजवळ आली. सुतारानं विचारलं, "म्हणजे वाईट आहे?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. "पण उद्या सकाळी आठ वाजता मी तुम्हाला घ्यायला येते."

ती साडेसहालाच त्याच्या दारात होती.

डाग वाईटच निघाला. पण लहान होता, पसरलेला नव्हता. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली, फुफ्फुसाचा एक तुकडा काढला. त्या सगळ्या काळात ताई नीट जेवली नाही. भावोजींनी तिचे दोन ब्लाउज आत घेतले आणि त्यावर विनोद केला नाही. डॉक्टर सुताराला भेटायला दवाखान्यात दोनदा जाऊन आले. सुताराच्या बायकोनं त्यांना पहिल्यांदा बरंच सुनावलं, दुसऱ्यांदा चहा दिला.

मामांनी बाकीचे फोटो सगळे वाचवले. जुन्या कॉम्प्युटरला त्यांनी लहान डिस्क शोधून बसवली आणि मोठी डिस्क एका नव्या कॉम्प्युटरला लावली. रोज संध्याकाळी फोटो तिकडे जायला लागले, दोन प्रतींत. ज्यांचे फोटो गेले त्या दोनशे अडतीस जणांना ताईनं पत्रं लिहिली, हातानं. तुमचा जुना फोटो आमच्याकडून नष्ट झाला आहे, फिल्म तुमच्याकडे असेल तर जपून ठेवा. वाक्यं तीच, पण प्रत्येक पत्र तिनं वहीशी ताडून पाकिटात घातलं. निम्मी पत्ता सापडला नाही म्हणून परत आली. एका बाईनं येऊन भांडण केलं. अकरा जणांनी फिल्म आणून दिल्या. शिक्षिकाबाईंची फिल्म त्यांच्या चादरींच्या घडीत सापडली. त्यांचा खोकला नुसता खोकला होता.

सहा महिन्यांनी सुतार तपासणीला आला. बारीक झाला होता, जिना चढून आला की थांबून दम घ्यायचा. ताईनं त्याला प्लेटसमोर उभं केलं, खांदे पुढे घ्यायला सांगितलं, काचेमागे गेली. "श्वास घ्या. धरून ठेवा." बटण दाबलं. तो श्वास धरून उभा होता आणि तीही.

"ताई, सोडू का?" त्यानं आतून विचारलं.

"सोडा, सोडा," ती गडबडून म्हणाली.

फोटो स्क्रीनवर आला. तिनं नाव वाचलं, तारीख वाचली, वरपासून खालपर्यंत रेघ शोधली. नव्हती. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, बराच वेळ पाहिलं, त्याची कापलेली फिल्म खिडकीशी धरून पुन्हा पाहिलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "आता पुढच्या सहा महिन्यांनी."

ताई मागच्या जिन्यावर जाऊन बसली. तिथून तिनं मला फोन केला. फोटो चांगला आलाय म्हणाली, आणि मग म्हणाली, "जरा वेळ बोलत राहा. इथून उठता येत नाहीये." मी बोलत राहिले. काय बोलले ते आता आठवत नाही, पाव तास तरी झाला असेल.